आठवी जर्सी

७ फेब्रुवारी

प्रिय काडीस,
अनेक आशीर्वाद.

मानवजातीवर आजवर झालेल्या अन्यायांची कोणी यादी करत असेल, तर परवा सकाळी माझ्या न्हाणीघराच्या दाराशी झालेला अन्याय तीत घालावा, अशी माझी नम्र मागणी आहे. उजाडतंय न उजाडतंय तोच घंटी वाजली. दारात एक गृहस्थ. हातात पेटी, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर जप्तीला आलेल्या माणसाची प्रसन्नता. म्हणाले, तुमच्या भाच्याच्या लघवीचा नमुना हवा आहे. इतकी वर्षं मी वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहितो. लोकांनी माझ्याकडे वर्गणी मागितली, भाषण मागितलं, मुलीसाठी स्थळ मागितलं. ही मागणी नवी होती.

तू घरात नाहीस म्हटल्यावर ते नियमाप्रमाणे तासभर थांबले. नियमाप्रमाणे चहा नाकारला. नियमाप्रमाणे न्हाणीघर तुझ्यासाठी मोकळं ठेवायला लावलं, म्हणजे ज्याला त्या तासात त्याची खरोखर गरज होती तो घरातला एकुलता एक इसम बाहेर येरझाऱ्या घालत राहिला. आणि कुठल्याही नियमात बसत नसताना त्यांनी माझं शब्दकोडं सोडवून टाकलं. पेनानं.

तर, कुठे होतास? रात्री दोघांचं जेवलास, झोपलास आणि पहाटे सायकल घेऊन जो गेलास तो परस्पर संघाच्या शिबिरालाच. फोनवर तू ‘हं’ आणि ‘बरं’ या दोनच शब्दांवर संसार चालवतोस, म्हणून पत्र लिहितोय. उत्तरही लिहूनच दे.

या अपमानातून एक चांगलं निघालं. त्याच दिवशी मी सदर लिहिलं: ‘फरशीसाठी घाट का चढावा?’ तुम्ही सायकलवाले अंगावर कंपनीचं नाव घालून फिरता. तुझी कंपनी फरशा विकते. फरशीशी कोण इमान राखणार? पगार वाढेल असं दिसलं की माणूस दंडात सुई टोचून घेणारच. कंपन्यांचे संघ मोडा, देशादेशांचे संघ करा, म्हणजे उत्तेजकं आपोआप कमी होतील. देशाच्या अंगरख्यात चोरी करताना हात थरथरतो.

सदर सायकल संघटनेच्या अध्यक्षांना इतकं आवडलं की त्यांनी मला एका समितीवर घेतलंय. हसू नकोस.

तुझा
मामा

*

१९ फेब्रुवारी

मामा,

हसलो. खोलीतल्या सोबत्याला वाचून दाखवलं, तोही हसला. तो म्हणतो, मामांना आमच्या संघात घ्या, चढावर वेळ बरा जाईल.

त्या दिवशीचं एवढंच झालं की शिबिराची गाडी लवकर आली आणि कळवायचं राहून गेलं. रोज एक तास मी कुठे सापडेन ते आम्हाला आधी कळवून ठेवावं लागतं, आणि तिथे सापडलो नाही तर एक चूक धरतात. माझी ही दुसरी. तिसरी झाली की दोन वर्षं घरी. बत्तिसाव्या वर्षी दोन वर्षं घरी म्हणजे कायमचं घरी. ऑक्टोबरात करार संपतोय, तेव्हा आईला यातलं काही बोलू नकोस. ती लगेच त्या बँकेतल्या नोकरीचं काढेल.

तुझ्या सदराबद्दल. मी संघात पाणक्या आहे हे तुला ठाऊक आहे. मागच्या गाडीपाशी जायचं, बाटल्या पाठीत खोचायच्या, पुन्हा पुढे येऊन वाटायच्या. जिंकणारा वेगळा असतो. असे पाणके आमच्या फरशीत वीस आहेत, रंगवाल्यांकडे वीस, विमावाल्यांकडे वीस. देशाच्या संघात जागा आठ. वीस खुर्च्यांसाठी जो माणूस सुई टोचून घेतो, तो आठ खुर्च्यांसाठी ती फेकून देईल, हे गणित तू कुठे शिकलास?

दुसरं. फरशीवाल्याला फरशी विकायची असते. आमच्यातला एक जरी पकडला गेला तरी तो दुसऱ्या दिवशी संघ गुंडाळेल, म्हणून तो निदान घाबरतो तरी. देश कोण गुंडाळणार?

जेवायला बोलावताहेत. तुझ्या फ्रिजमध्ये मागच्या बाजूला पांढरा डबा आहे, त्यात माझी जीवनसत्त्वं आहेत. हलवू नकोस. मी येऊन नेईन.

काडी

*

४ मार्च

प्रिय काडीस,

तुझं गणित समितीपुढे ठेवलं. कोणाला सुटलं नाही, पण तुझ्यावर देशप्रेम कमी असल्याचा शेरा पडला. आम्ही सात जण आहोत. त्यांतले दोन कधीकाळी सायकल चालवत होते, बाकीचे पंक्चर काढायला द्यायचे. पहिली सगळी बैठक जर्सीच्या बाह्यांवर पट्टा आडवा असावा की तिरका यावर गेली. उत्तेजकांचा विषय निघाला तेव्हा पाच मिनिटं उरली होती. अध्यक्ष म्हणाले, आपली मुलं मुळात चांगल्या घरची. विषय संपला. मी तिरक्या पट्ट्याच्या बाजूने होतो.

पण ठरलं. जूनमध्ये आठवडाभराची शर्यत, फक्त देशांच्या संघांची. प्रयोग म्हणून. उत्तेजकं कमी होतात का ते बघायचं आणि मग अहवाल लिहायचा.

आता एक कबुली. फ्रिजमध्ये बर्फाचा डोंगर साठला होता म्हणून तो बंद करून मी सगळं ओट्यावर काढलं आणि सदर लिहायला बसलो. सदर रंगलं. दुसऱ्या दिवशी ताई आली तेव्हा तुझा डबा तिथेच उन्हात होता. ती म्हणाली, हे आता गेलं, नवीन आणून दे पोराला. म्हणून मी एक बाटली घेऊन कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेलो. त्याने ती चष्मा वर करून वाचली, चष्मा खाली करून वाचली. म्हणाला, हे मूत्रपिंड निकामी झालेल्यांना देतात, रक्त वाढायला, तेही डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर. घरात कोण आजारी आहे? मी म्हटलं, कोणी नाही, भाचा सायकल चालवतो. तेव्हा तो हसला.

का हसला ते कळव.

मामा

*

११ मार्च

मामा,

तू समितीवर आहेस. तो का हसला ते तुला कळायला हवं.

दुकानात आणखी कोण होतं? बाटली परत आणलीस की तिथेच ठेवलीस? सगळ्या फोडून टाक. आईने हात लावला असेल तर तिला काही सांगू नकोस, औषध खराब झालं एवढंच म्हण.

एकदाच घेतलं. तुझ्याकडे त्या रात्री, तू भांडी घासत होतास तेव्हा. पहाटे नेहमीसारखा फेरी मारायला निघालो, परत येताना गल्लीच्या तोंडाशी निळी गाडी उभी दिसली. तो गाडीतून उतरून पेटी काढत होता. मी सायकल वळवली. शिबिराची गाडी वगैरे काही आली नव्हती. मी सायकलवरच शिबिराला गेलो, वाटेत दोनदा ओकलो.

आमचा मॅनेजर कधी कोणाला काही घे म्हणत नाही. तो फक्त जेवताना विचारतो, ऑक्टोबरचं काय ठरवलंस? तेवढं पुरतं. डबा मी माझ्या पैशांनी विकत घेतला. कोणाकडून ते विचारू नकोस.

तू तो उन्हात ठेवलास हे वाचून सोबत्यावर उगाच खेकसलो. मग झोपलो, तो सकाळीच उठलो. असा कधी झोपलो होतो ते आठवत नाही. हे आभार समजू नकोस. माझं पुढच्या वर्षीचं पोट तुझ्या ओट्यावर नासलं आहे.

काडी

*

३० मार्च

काडी,

तीन पत्रं लिहिली आणि फाडली. पहिल्यात विनोद जास्त झाले होते, दुसऱ्यात शिव्या. तिसऱ्यात उपदेश होता, ते सगळ्यांत वाईट.

बाटल्या फोडल्या. ताईला काही बोललो नाही. ती मात्र येता-जाता विचारते, पोराचं पत्र आलं का, काय लिहितो? मी म्हणतो, हवा चांगली आहे. तिने काल विचारलं, इतके दिवस हवाच चांगली आहे का? तुझी आई आहे ती, तिला बनवायला माझ्यापेक्षा मोठा लेखक लागेल.

तुझं पत्र वाचल्यावर मला माझं म्हणणं जास्तच पटलं. ‘ऑक्टोबरचं काय?’ हा प्रश्नच खरं विष. तो विचारणारा माणूस जिथे नाही तिथे तू गेलं पाहिजेस. देशाच्या संघात करार नाही, फरशी नाही. जिंकलात तर टाळ्या, हरलात तर घरी जेवायला या.

म्हणून सांगतो, जूनच्या शर्यतीच्या यादीत तुझं नाव आहे. आठवं. मी शब्द टाकला असं कोणी म्हणालं तर खोटं आहे. तुझ्या नावाला एक जण आक्षेप घेणार होता तेव्हा मी फक्त खोकलो. माझा खोकला समितीत थोडा वजनदार समजला जातो, कारण मी दुसऱ्या दिवशी काय छापीन याची त्यांना धास्ती असते.

जाशील ना? जा. स्वच्छ हातपायांनी एकदा चालवून बघ. मग ऑक्टोबरात काय व्हायचं ते होवो.

मामा

*

१४ जून

मामा,

इथे शर्यतीआधीच्या सरावाला आल्या आल्या फोन काढून घेतले. लक्ष विचलित होतं म्हणे. हे पत्र आमचा मेकॅनिक टाकतो म्हणाला. त्याच्याशी माझी फारशी ओळख नाही. तो स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्याला शिव्या देत चाकं सरळ करत असतो. पाकीट आहे का म्हणून विचारलं तर त्याने पाकीटही दिलं आणि स्वतःचं तिकीट चिकटवलं.

पहिले तीन दिवस तुझं सदर खरं वाटलं. खरंच. रंगवाल्यांचा जो पोरगा वर्षभर मला वळणावर कोपर मारतो, त्याने चढावर स्वतःची बाटली माझ्या हातात दिली. पाणक्याला पाणी, मामा. जर्सी मिळाली तेव्हा मोठमोठे बाप्ये आरशात दोन-दोनदा बघून आले. तुझा तिरका पट्टा बरा दिसतो. जेवणाच्या टेबलावर ऑक्टोबरचं नाव कोणी काढत नव्हतं.

काल संघटनेचे डॉक्टर आले. सगळे त्यांना काका म्हणतात. गोड माणूस, खिशात लेकरांचे फोटो. बोळाच्या टोकाच्या खोलीत एकेकाला बोलावून घेतात. मला बसवलं, घरी कोण कोण असतं ते विचारलं, मग कप्पा उघडला. तोच पांढरा डबा. फक्त फुकट.

मी म्हटलं, तपासणी? ते म्हणाले, तपासायला येणाऱ्यांची राहायची सोय आपलाच कारकून करतो. ते येणार हे आपल्याला आदल्या दिवशी कळतं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “बाळा, हे पैशासाठी नाही. बाकीचे देश घेणार, आणि आपण मागे राहायचं?”

 त्यांनी विचार करायला सतरा तारखेपर्यंत वेळ दिला आहे. आठातल्या सातांनी विचार केलेला आहे, हे त्यांनी न विचारता सांगितलं.

फरशीवाल्याला नाही म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, याला पैसा नको, वेडा आहे. इथे नाही म्हटलं तर म्हणतील, याला देश नको. तेव्हा काय करायचं असतं? तुझ्या समितीत यावर काही ठरलं होतं का?

उत्तर लिहू नकोस. ते पोचेल तोवर झालेलं असेल. कोणाला तरी सांगायचं होतं, म्हणून.

काडी

*

१७ जून

काडी,

लिहू नकोस म्हणालास तरी लिहितोय. पोचलं नाही तरी चालेल.

पत्र मिळाल्याबरोबर तसाच उठून संघटनेच्या कचेरीत गेलो. अध्यक्षांना सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही, पण आठांत एकच माझा भाचा आहे हे त्यांना मोजता येतं. त्यांनी दार लावलं. पंखा वाढवला. मला वाटलं संतापतील. ते हसले, त्या औषधवाल्यासारखेच. म्हणाले, “साहेब, तुम्ही विनोदी लिहिता. चांगलं लिहिता. गंभीर होऊ नका.”

मी म्हटलं, प्रयोग कशाचा चाललाय मग? ते म्हणाले, प्रयोग नीटच चाललाय, आपण तिसऱ्या क्रमांकावर येऊ असा अंदाज आहे.

तुझा मुक्काम दुसऱ्या गावी हलला आहे आणि नवा पत्ता मला कोणी देत नाही. समितीच्या सभासदाला! फोन केला की एक मुलगी गोड आवाजात सांगते, खेळाडू विश्रांती घेत आहेत. घराच्या चार खोल्यांमध्ये मी सकाळपासून फिरतोय. ताई आली आहे, ती बघतेय. तिने शेवटी माझ्या हातातून तुझं पत्र घेतलं आणि वाचलं. मी अडवलं नाही. वाचून ती खाली बसली, मग उठून तुझ्या खोलीतली चादर बदलली.

हो म्हणाला असशील तरी ये. नाही म्हणाला असशील तरी ये. मला यापलीकडे काही सुचत नाही, आणि मला न सुचणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे.

मामा

*

१८ जून

मामा,

बसस्टँडवरून लिहितोय. गाडी संध्याकाळी आहे. हे पत्र कदाचित माझ्यानंतर येईल, तरी लिहून टाकतो. समोर बसून बोलायला लागलो की मी ‘हं’ आणि ‘बरं’ वर येतो.

नाही म्हटलं. यात शूर वगैरे काही नव्हतं. काकांनी कप्पा उघडला आणि मला तुझा ओटा आठवला, उन्हातला. एकदम वाटलं, पुन्हा ते ओकणं नको. एवढंच. काका रागावले नाहीत. त्यांना वाईट वाटलं, ते जास्त वाईट होतं. अर्ध्या तासात माझं पोट बिघडल्याचं जाहीर झालं. जर्सी धुवायला म्हणून नेली ती परत आली नाही. रंगवाला पोरगा जेवताना माझ्या शेजारून उठून पलीकडे बसला. त्याचा राग नाही. मी नाही म्हटल्यावर त्याचं हो जास्त मोठ्याने ऐकू यायला लागलं असणार.

फरशीवाल्या मॅनेजरचाही निरोप आला. देशाच्या संघातून परत आलेला माणूस ऑक्टोबरनंतर त्यांना परवडणार नाही.

सामान घेऊन बाहेर आलो तर पाऊसवारा आणि माझ्या अंगात नुसता सदरा, कारण बाकी सगळ्यावर संघटनेचा शिक्का. मेकॅनिक गुडघ्याला शिव्या देत आला, अंगातला कोट काढून मला घातला आणि म्हणाला, माझा गुडघा ओला झाला तर तुझ्या नावाने शंख करीन. कोट मला दोन माणसांचा होतो.

आता मुख्य. घरी येण्याआधी मी त्या निळ्या गाडीवाल्यांच्या कचेरीत उतरणार आहे. काकांच्या खोलीबद्दल सांगणार आहे. पण दुसऱ्याचं सांगायचं तर माझं गिळून चालणार नाही. फेब्रुवारीतली पहाटही सांगणार आहे. त्याचं काय होतं ते तुला माहीत आहे. आईला तू सांग. बँकेतल्या नोकरीचं तिला काढू दे.

काडी

*

२ ऑगस्ट

मेकॅनिक महाशयांस,
सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही. तुमच्या संघातला जो आठवा सायकलवाला पोट बिघडून परतला, त्याचा मी मामा. तुमचा पत्ता मिळवायला मला महिना लागला, कारण तुमच्या संघटनेतले लोक आता माझ्या आवाजावरून मला ओळखतात आणि फोन ठेवून देतात.

संघ तिसरा आला त्याबद्दल अभिनंदन. चाकं तुम्ही सरळ केली होती, तेव्हा अभिनंदन थोडं खरंच. अहवालही निघाला, तो तुमच्यापर्यंत येणार नाही म्हणून सांगतो. देशांच्या शर्यतीत एकही खेळाडू उत्तेजकं घेताना सापडला नाही, सबब प्रयोग यशस्वी, असं त्यात आहे. खाली सहा सह्या आहेत. सातवी जागा कोरी आहे, तिथे मला एक वाक्य लिहायचं होतं: देशांचे संघ केल्याने उत्तेजकं कमी होतात की नाही ठाऊक नाही, सापडतात मात्र नक्की कमी. ते त्यांनी छापलं नाही. माझ्या वर्तमानपत्रानेही छापलं नाही. त्या दिवशी पहिल्या पानावर तिरक्या पट्ट्याची मोठी छायाचित्रं होती आणि संपादकांचं म्हणणं पडलं की हसायला हा आठवडा बरा नाही.

भाच्याने सगळं सांगितलं, स्वतःचंही. त्याला दोन वर्षांची बंदी झाली. पेपरात तेवढंच आलं. डॉक्टरकाकांची चौकशी चालू आहे असं कळतं. ती कोण करतंय ते विचारलं, तर संघटना करतेय.

तो आता इथेच असतो, आणि त्याची आईही. उशिरा उठतो, आईशी वाद घालतो, गॅलरीत सायकल उभी आहे तिच्यावर ती कपडे वाळत घालते आणि तो ते काढून बाजूला ठेवतो, मग ती पुन्हा घालते. बँकेतल्या साहेबांना एकदा भेटून आला. रात्रीचा अधूनमधून खोलीत चालत असतो, मला पलीकडून ऐकू येतं. मी पण जागाच असतो. दोघं उठून चहा करतो. जेवतो मात्र दोघांचं, हे मुद्दाम कळवतो.

तुमचा कोट सोबत पाठवला आहे. धुऊन, इस्त्री करून. खिशात एक पाना होता, तो तसाच ठेवला आहे. मधलं बटण सैल होतं ते मी घट्ट केलं. शिवणकाम माझं नाही, दोऱ्याचा रंग थोडा वेगळा आहे, पण तुटणार नाही. गुडघ्याची चौकशी त्याने केली आहे.

जूनमध्ये त्याच्या पत्राला तुम्ही तुमच्या जवळचं तिकीट लावलं होतं. तेवढ्याच किमतीचं एक तिकीट या पाकिटात घातलं आहे.

आपला,
मामा